सोव्हिन्याँ ब्लाँ : सुगंधी वाइन चाखताना आणि वाढताना

वास प्रत्येक वाइनला असतो. परंतु काही मोजक्या वाइन अशा आहेत, की ज्यांची ओळख जिभेआधी नाकाला पटते. सोव्हिन्याँ ब्लाँ ही त्यांतील अग्रगण्य. गोडवा जवळजवळ नसलेली, आंबटसर आणि तीव्र सुगंधाची ही पांढरी वाइन आज नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातही तयार होते. मात्र मळ्यात आणि वायनरीत जो सुगंध जपण्यासाठी मोठा खटाटोप केला जातो, तो अनेकदा जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटांत हरवतो. बाटलीचे चुकीचे तापमान, काठोकाठ भरलेला पेला आणि विसंगत पदार्थ ही त्याची तीन प्रमुख कारणे होत.

कूळ आणि मूळ

ही द्राक्षजात मूळची फ्रान्सची. लुआर नदीच्या खोऱ्यातील सान्सेर आणि पुई-फ्युमे या वाइन याच द्राक्षापासून बनतात. ‘सोव्हाज’ म्हणजे रानटी, या फ्रेंच शब्दावरून तिचे नाव पडले असे मानले जाते. लाल वाइनसाठी विख्यात असलेले काबर्ने सोव्हिन्याँ हे द्राक्ष काबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मले, हे १९९७ मध्ये डीएनए चाचणीने सिद्ध झाले. सत्तरच्या दशकात न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात या जातीची लागवड सुरू झाली आणि पुढे तेथील वाइनने जगभर नाव कमावले. महाराष्ट्रात राजीव सामंत यांच्या ‘सुला’ने २००० मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनमध्ये सोव्हिन्याँ ब्लाँचा समावेश होता. त्यापाठोपाठ २००१ मध्ये राज्य सरकारचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले.

सुगंध येतो कोठून?

या वाइनच्या गंधामागे मुख्यतः दोन प्रकारची संयुगे असतात. पहिली पायराझिन. ढोबळ्या मिरचीचा किंवा नुकत्याच कापलेल्या गवताचा वास त्यांच्यामुळे येतो. द्राक्ष पिकत जाते आणि घडावर ऊन पडते, तशी ती कमी होतात. दुसरी थायोल. पेरू, पॅशन फ्रूट, पपनस यांची आठवण करून देणारा वास त्यांचा. द्राक्षात ती गंधहीन, बद्ध स्वरूपात असतात आणि रस आंबताना यीस्ट त्यांना मोकळे करते.

नाशिकमध्ये एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी होते. त्यामुळे युरोपात जी तोडणी साधारणतः सप्टेंबरमध्ये होते, ती येथे जानेवारी ते मार्चदरम्यान येते. हिवाळ्यातील थंड रात्री द्राक्षातील आंबटपणा टिकवतात. उष्णतेने सुगंध उडतो आणि रस काळवंडतो. म्हणून घड शक्यतो पहाटेच्या गारव्यात तोडतात आणि रस स्टीलच्या टाक्यांत कमी तापमानावर सावकाश आंबवतात.

‘ड्राय’ म्हणजे काय?

‘ड्राय’ म्हणजे कडक किंवा तुरट, हा समज चुकीचा आहे. द्राक्षातील साखरेचे जवळजवळ पूर्णपणे मद्यार्कात रूपांतर झालेली, म्हणजेच गोड नसलेली वाइन ती ड्राय. युरोपीय संघाच्या नियमांनुसार त्यासाठी लिटरमागे ४ ग्रॅम साखरेची मर्यादा आहे. आंबटपणा पुरेसा असल्यास ती ९ ग्रॅमपर्यंत जाते. पेरूसारखा वास आला म्हणून वाइन गोड असेल, अशी अपेक्षा करू नये. गोडवा जिभेला कळतो, नाकाला नव्हे.

तापमानाचे महत्त्व

ही वाइन ८ ते १० अंश सेल्सिअस तापमानाला द्यावी. घरातील फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. इतक्या थंड वाइनमधून सुगंधी द्रव्ये हवेत मिसळत नाहीत आणि पेल्यात केवळ गार, आंबट पाणी उरल्याचा भास होतो. म्हणून बाटली फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी. उलट ती कोमट झाली, की मद्यार्काचा वास पुढे येतो आणि आंबटपणाची धार बोथट होते. बाटली ऐनवेळी थंड करायची असल्यास बादलीत बर्फासोबत पाणीही घालावे. नुसता बर्फ बाटलीला ठिकठिकाणीच टेकतो, पाणी मात्र सर्व बाजूंनी भिडते. वीस मिनिटांत काम होते. पेल्यात बर्फ टाकणे टाळावे, कारण वितळलेल्या पाण्याने चव आणि गंध दोन्ही पातळ होतात.

चाखण्याची रीत

पेला तोंडाशी किंचित निमुळता आणि दांड्याचा असावा. तो दांड्यालाच धरावा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. एकतृतीयांशच भरावा, वरची मोकळी जागा सुगंधासाठी असते. प्रथम रंग पाहावा. फिकट पिवळा, हिरवट झाक असलेला रंग ताजेपणाची खूण; तपकिरी छटा दिसल्यास वाइन हवेने बिघडली असण्याची शक्यता असते. मग न हलवता एकदा वास घ्यावा, पेला हलकेच फिरवून पुन्हा घ्यावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आल्यास दोष बहुधा बुचाचा असतो.

इंग्रजी पुस्तकांत या वाइनचे वर्णन ‘गूजबेरी’ असे केलेले आढळते. त्याचे भाषांतर अनेकदा ‘आवळा’ असे होते. पण ती दोन निराळी फळे आहेत. मराठी माणसाने उसन्या उपमा शोधण्याचे कारण नाही. कैरी, पेरू, पपनस, लिंबाची साल, कोथिंबिरीचे देठ हे ओळखीचे वास या वाइनच्या वर्णनाला पुरेसे आहेत. शेवटी छोटा घोट तोंडात घोळवावा. गिळल्यानंतर जिभेच्या कडांना पाणी सुटले, तर आंबटपणा जिवंत आहे असे समजावे. या वाइनमध्ये सुमारे १२ ते १३ टक्के मद्यार्क असतो, हे ध्यानात ठेवूनच मात्रा ठरवावी. जाणकार एकामागून एक वाइन तपासताना घोट थुंकून टाकतात, तो याच कारणाने.

कोणत्या पदार्थासोबत?

सान्सेर भागातील शाव्हिन्योल गावचे बकरीच्या दुधाचे चीज ही या वाइनची जुनी जोडी. आपल्याकडील मेळ जमवताना एक सूत्र लक्षात ठेवावे : तळलेल्या मासळीवर लिंबू जे काम करते, तेच काम ही वाइन करते. त्यामुळे रव्यात घोळवून तळलेले बोंबील, सुरमईचे तुकडे, लसूण-लोण्यातील कोळंबी, ओल्या खोबऱ्यातील तिसऱ्या यांच्याशी तिचे उत्तम जुळते. हिरव्या वाटणाचे भरलेले पापलेट आणि कोथिंबीर वडी यांच्या हिरव्या वासाला वाइनमधील तसाच वास साथ देतो.

जेथे जमत नाही, त्याचीही कारणे आहेत. पदार्थ वाइनपेक्षा गोड असल्यास वाइन रूक्ष व अधिकच आंबट लागते. म्हणून चिंच-गुळाची अळूवडी किंवा पुरणपोळी तिच्यासोबत नको. पदार्थ वाइनहून आंबट असल्यास वाइन मिळमिळीत वाटते. गोव्याच्या व्हिनेगरयुक्त रेशाद मसाल्यातील बांगड्याची अडचण हीच. मद्यार्कामुळे तिखटाचा दाह वाढतो. त्यामुळे कोल्हापुरी तांबड्या रश्श्यापुढे ड्राय वाइनचा टिकाव लागत नाही. नारळाच्या दुधातील सौम्य कालवण मात्र चालते.

खरेदी आणि साठवण

ही वाइन मुरवत ठेवण्याची नव्हे. लेबलवर हंगामाचे वर्ष पाहून शक्य तितकी अलीकडची बाटली घ्यावी आणि एक-दोन वर्षांत संपवावी. उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली मांडलेली बाटली टाळावी. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असणे हे हलकेपणाचे लक्षण नव्हे. ताजेपणा टिकवण्यासाठी ते उपयुक्तच ठरते. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस बरी राहते. त्यानंतरही आंबटपणा उरतो. पण ज्यासाठी ही वाइन घ्यावी, तो पेरू-कैरीचा वास तोवर ओसरलेला असतो.