बारावीच्या मार्कांवर डॉक्टर होण्याचे दिवस

नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवायचो, तेव्हा वर्गातल्या हुशार पोरांच्या डोक्यात एकच आकडा असायचा : तीनशेपैकी किती? फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, प्रत्येकी शंभर. या तिन्हींची बेरीज हाच मेडिकलचा प्रवेश. मध्ये दुसरी कुठली परीक्षा नव्हती. एका मार्काने एमबीबीएस हुकायचं आणि पोरगं मुकाट बीएएमएसचा किंवा बीएस्सीचा फॉर्म भरायचं.

मराठवाड्यात हा आकडा घराघरात पोचायला बराच काळ गेला. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून आणि त्यासाठी हैदराबाद गाठायचं. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं ते 1950 साली, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने. औरंगाबादला विद्यापीठ आलं 1958 ला. लातूरला दयानंद 1961 ला आणि राजर्षी शाहू 1970 ला. पुढे नवा आकृतिबंध आला. 1975 ला दहावीची पहिली परीक्षा झाली, 1977 ला बारावीची. तेव्हा गुणवत्ता यादी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या शाळा-कॉलेजांचीच नावं डोळ्यांपुढे यायची.

त्या यादीत लातूर घुसलं. शाहू कॉलेजात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जी शिस्त बसली, तिलाच पुढे सगळे ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागले. त्यात गुपित काही नव्हतं. पोर्शन लवकर संपवायचा, मग पेपरवर पेपर सोडवून घ्यायचे, ते तपासून पोराच्या हातात द्यायचे आणि मार्क कुठे गेला ते त्याला समोर बसवून सांगायचं. हे सगळं कॉलेजातच व्हायचं.

आम्हीही नांदेडला तेच करू लागलो. नेफ्रॉनची आकृती घ्या. पेन्सिलला टोक हवं, कडेची रेघ एकदाच ओढलेली हवी, शेडिंग अजिबात नको. बोमन्स कॅप्सूलपासून हेन्लेच्या लूपपर्यंत सगळी नावं उजव्या हाताला एकाखाली एक, नावांच्या रेघा आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या. आकृतीखाली तिचं नाव. एवढं पाळलं नाही की अर्धा मार्क गेला. असे दोन अर्धे गेले की मेडिकलची सीट गेली. हदगाव, किनवटकडून आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेज बघणारी पोरं ही आकृती पुन्हा पुन्हा काढून आणायची आणि मी लाल शाईने नावं सरळ करायचो.

1999 ला सीईटी आली आणि बारावीच्या बेरजेचा भाव उतरला. उत्तर लिहिण्यापेक्षा चारातलं एक ओळखणं महत्त्वाचं झालं. लातूरने तेही लगेच आत्मसात केलं. 2013 ला नीट आली, न्यायालयात अडकली, 2016 ला परतली आणि 2017 पासून राज्यातला मेडिकल प्रवेश नीटवरच होऊ लागला. आता सातशेवीस मार्कांचा एकच पेपर सगळं ठरवतो. बारावीला खुल्या प्रवर्गातल्या पोराने पीसीबीत पन्नास टक्के मिळवले की तो पात्र. मात्र सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच पोरांना देणारा 70:30 चा प्रादेशिक कोटा राहिला होता. आपल्याकडे मेडिकलच्या जागा कमी, त्यामुळे इथल्या पोरांना तो नडायचा. तो 2020 ला रद्द झाला. तेव्हा वैद्यकीय शिक्षणमंत्री होते लातूरचेच अमित देशमुख.

म्हणजे शाळेच्या मार्कांना किंमत उरली नाही, असं मात्र नाही. लातूर-नांदेडच्या नावाजलेल्या कॉलेजांत अकरावीला जागा मिळते ती दहावीच्या मार्कांवरच. पहिली चाळणी आजही तिथेच लागते.

परीक्षा बदलल्या तरी पॅटर्न टिकला, कारण त्याचा आधार मास्तराच्या वेळेचा होता. बदललं ते एवढंच की तो वेळ आता वेगळा विकत घ्यावा लागतो. लातूरचा उद्योग भवन परिसर आणि नांदेडचं भाग्यनगर, बाबानगर क्लासेसच्या पाट्यांनी भरून गेलंय. कितीतरी पोरांचं कॉलेज नावापुरतं, शिक्षण क्लासमध्ये. ज्या पॅटर्नने कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला कॉलेजच्या फीत डॉक्टर केलं, त्याच नावाखाली आज तोच शेतकरी क्लासच्या फीसाठी कर्ज काढतो. हे लातूर पॅटर्नचं यश म्हणता येणार नाही.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे. अकरावीला कॉलेज निवडताना कटऑफ तर विचाराच. पण तिथले मास्तर तपासलेला पेपर पोराच्या हातात परत देतात का आणि चूक समजावून सांगतात का, हेही विचारा. देत नसतील तर दुसरं कॉलेज बघा.