साच्यातले सैन्य

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ग्वाल्हेरच्या घरी, माजघरातल्या जुन्या टेबलावर, वॉटर्लूची लढाई मांडली गेली. विलायतेत शिकणारा नातू सुट्टीवर आला तो प्लॅस्टिकच्या सैनिकांचे तीन डबे घेऊनच. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडण्यात ज्यांचे बालपण गेले, त्या आम्हांस या खेळाचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. परंतु तिन्ही डब्यांतले सैनिक शेजारी शेजारी उभे केले, तेव्हा एकाच युगातील शिपायांत इतका फरक का, असा प्रश्न पडला. आणि त्याचा माग काढता काढता तो प्रश्न आमच्याच उंबरठ्याशी येऊन थांबला.

लघुमूर्तींचा इतिहास तसा जुना आहे. अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे कथलाचे चपटे सैनिक ओतले जात. १८२४ साली राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे सरकवून खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, ते लष्करी शिक्षणासाठी. त्या ठोकळ्यांना ना चेहरा होता ना गणवेश. खेळण्यातला सैनिक आणि युद्धखेळ यांची घरगुती गाठ घालून दिली ती कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी, १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात. शिशाचे सैनिक व स्प्रिंगच्या तोफा घेऊन जमिनीवर खेळावयाचे ते नियम होते. पुढल्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले.

शिशाची पलटण सामान्य घराला परवडणारी नव्हती. १९५९ पासून एअरफिक्स या इंग्रज कंपनीने मऊ प्लॅस्टिकचे, बोटाच्या पेराएवढे सैनिक डब्यात भरून विकावयास आरंभ केला आणि शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत सैन्य उभे राहू लागले. २००७-०८ च्या सुमारास इंग्लंडात टणक प्लॅस्टिकच्या, २८ मि.मी. मापाच्या मूर्तींचे पर्व सुरू झाले. त्यात ॲलन व मायकेल पेरी या जुळ्या बंधूंचा वाटा मोठा. १९९६ साली फ्रान्समध्ये एका जुन्या लढाईच्या प्रयोगात तोफेच्या अपघाताने मायकेल यांचा उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने मूर्ती घडविण्याची कला नव्याने आत्मसात केली.

आता आमच्या तीन डब्यांकडे वळू. पहिला जुन्या मऊ पॉलिथीनचा, १/७२ प्रमाणाचा. पावणेसहा फुटांचा माणूस त्यात सुमारे २४ मि.मी. होतो. उरलेले दोन टणक पॉलिस्टायरीनचे, २८ मि.मी. चे, पण वेगवेगळ्या कारखान्यांचे. हे २८ मि.मी. कोणी तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतो, कोणी माथ्यापर्यंत. म्हणून डब्यावरचा आकडा एक असूनही एका कारखान्याचा शिपाई शिडशिडीत, तर दुसऱ्याचा थोराड, मोठ्या डोक्याचा व जाड मनगटांचा निघतो. दोघांना एकाच रांगेत उभे केले की ते निरनिराळ्या गावचे वाटतात.

द्रव्याचा गुणही वेगळा. पॉलिथीन लवचीक असल्याने संगीन वाकते पण मोडत नाही. मात्र त्यावर रंग धरत नाही, आणि नेहमीचे चिकटद्रव्यही लागू पडत नाही. पॉलिस्टायरीनवर चिकटद्रव्य लावले की दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळून एकजीव होतात. त्यामुळे डोके, हात व बंदूक वेगळी देता येते आणि प्रत्येक शिपायाची ढब बदलता येते. वेगळे भाग देण्यास आणखीही एक कारण आहे. धातूचा कठीण साचा सरळ रेषेत उघडतो. हाताखाली वा पडतळ्यामागे खोबण असेल तर मूर्ती आत अडकते. म्हणून शरीराचे तुकडे करावे लागतात, नाहीतर तो भाग सपाट भरून काढावा लागतो. मऊ मूर्ती एकसंध असल्याने तिच्या बगलेत असे भरीव ठिगळ पुष्कळदा दिसते.

परंतु खरी परीक्षा गणवेशाची. फ्रेंच पायदळाचा कोट १८१२ च्या नियमाने बदलला. आधीच्या कोटाची पुढची बाजू खाली उघडी राही व मागचे पदर लांब असत. नव्या कोटाची छाती कमरेपर्यंत बंद झाली व पदर आखूड झाले. नातवाच्या एका डब्यावर १८०७ ते १८१२ असे स्पष्ट छापलेले होते. म्हणजे १८ जून १८१५ च्या रणांगणावर आमची एक पलटण जुनाच कोट घालून उभी होती! चिरंजीवांनी कबुली दिली, आणि ती पलटण राखीव म्हणून टेकडीआड गेली.

संख्येचेही तसेच. १८०८ च्या हुकमाने फ्रेंच पलटणीत सहा कंपन्या आणि प्रत्येकीत १४० माणसे, म्हणजे कागदोपत्री ८४०. वीस माणसांमागे एक मूर्ती धरली तर ४२ हव्यात. वॉटर्लूला पलटणी प्रत्यक्षात बऱ्याच लहान होत्या. तेथे पंचवीस-तीस मूर्तींची पलटण अधिक खरी. डबा भरून मांडले म्हणजे इतिहास मांडला, असे होत नाही.

मग हे सारे डबे वॉटर्लूचेच का? याचे उत्तर साच्यात आहे. प्लॅस्टिकसाठी लागणारा धातूचा साचा फार खर्चिक; हजारो डबे खपले तरच तो परवडतो. धातूची मूर्ती मात्र रबराच्या स्वस्त साच्यात ओतता येते, म्हणून तिला थोडे गिऱ्हाईक पुरते. जी लढाई पुष्कळांच्या स्मरणात आहे तिला प्लॅस्टिक मिळते; आणि जिला प्लॅस्टिक मिळते ती आणखी पुष्कळांच्या स्मरणात राहते.

नातवाने विचारले, “आजोबा, असई मांडता येईल का?”

२३ सप्टेंबर १८०३ ची ही लढाई, आजच्या जालना जिल्ह्यातली. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन तेव्हा आर्थर वेलस्ली होता, आणि समोर दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांचे सैन्य होते. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखाली लढल्या. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक पडले वा जखमी झाले, आणि त्यांच्या हाती ९८ तोफा लागल्या. तोफांपाशी मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज शत्रू पुढे सरकताच उठले व त्याच तोफा फिरवून त्यांनी मागून मारा केला. वेलस्लीकडील बहुतेक शिपाईदेखील मद्रासचे देशीच होते. पुढे वेलिंग्टन आपल्या साऱ्या लढायांत असईलाच श्रेष्ठ मानी. तिच्या मूर्ती हव्या असतील तर बहुतांशी धातूच्या लहान कारखान्यांकडेच जावे लागते. तेव्हा नातवाच्या प्रश्नाला आम्ही “येईल, पण डब्यातून नव्हे,” एवढेच उत्तर देऊ शकलो.

येथे विल्यम सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याची आठवण होते. त्याने वॉटर्लूची भव्य प्रतिकृती उभारली आणि १८३८ साली ती लंडनमध्ये दाखविली. तिच्यात सत्तर हजारांवर इवले सैनिक होते. कोण कोठे उभा होता हे ठरविण्यासाठी त्याने रणांगणाजवळ मुक्काम करून जमीन मोजली आणि हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले. प्रशियन सैन्य कोठे व किती दाखवावे यावरून वाद माजला, कारण विजयाचे श्रेय त्यावर अवलंबून होते. टेबलावरचा सैनिक लहान असतो, पण तो कोठे उभा आहे हा प्रश्न लहान नसतो.

असईच्या पलटणींना पत्र धाडावयाचे तर आता कोणाला? आमच्या मते, तुम्हा-आम्हांलाच. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या घराण्यांच्या पेट्यांत सनदा आहेत, पगाराच्या याद्या आहेत, क्वचित एखादे चित्र आहे. ते वाळवीच्या हाती जाण्याआधी कोणी उघडून वाचील काय? दिवाळीत नातू पुन्हा येणार आहे. अंगणातला कुंभारी साचा एका मूर्तीसाठीही परवडतो. गोलंदाज घडवू, त्याच्या अंगावर काय होते, एवढे मात्र आधी पेटीतून बाहेर यावयास हवे.