माळवद, फटाके आणि पदवी

अभियांत्रिकी शिक्षणाचा एखादा प्रकल्प यशस्वी झाला, असं कधी म्हणायचं? मी तेरखेड्याचा. नोकरी तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवण्यात गेली. तपासणीच्या फायली पुष्कळ भरल्या. त्या फायलींबद्दल माझी तक्रार आहे आणि ती इतिहासातूनच सांगावी लागेल.

पुण्यात 1854 साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तो सरकारी बांधकामांना हाताखालची माणसं हवी होती म्हणून. हेतू तोकडा होता, पण निकाल डोळ्यांना दिसायचा. तिथेच शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारी दारं बसवली. आमचा उस्मानाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. मराठवाड्याला पदवीचं सरकारी कॉलेज मिळालं 1960 साली, औरंगाबादला. पुढे 1983 मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी करून दिली आणि त्याच वर्षी उस्मानाबादला तेरणेचं कॉलेज उभं राहिलं. ज्या नदीचं नाव त्याला मिळालं, ती आमच्या तेरखेड्याच्या आसपासच उगम पावते. शेतकऱ्याच्या पोराला घराजवळ इंजिनिअर होता आलं, ही फार मोठी गोष्ट होती. तिला कमी लेखणाऱ्यांशी मी आजही भांडतो.

मग मोजमापं बदलत गेली. आधी जागा किती, इमारत केवढी. 2003 पासून जागतिक बँकेच्या पैशातून ‘टेक्विप’ हा अभियांत्रिकी शिक्षण सुधारण्याचा प्रकल्प आला. पहिल्या टप्प्यात देशातल्या 127 संस्था होत्या. 2014 मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काय करता येतं ते दाखवा, असा आग्रह वाढला. आग्रह योग्यच. पण ते दाखवायचं कुणाला? तपासणी समितीला. गावाला नव्हे.

गावाने परीक्षा घेतली ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं बसली. माणसं मेली ती स्वतःच्या घराखाली. दगडमातीची जाड भिंत, तिला आतून-बाहेरून दोन तोंडं, मधे भर आणि वर मातीचं जड माळवद. दोन्ही तोंडांना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात भिंत फुगते, तोंडं सुटतात आणि माळवद खाली येतं. हे शास्त्राला ठाऊक होतं. पण आमच्या अभ्यासक्रमात आरसीसीच्या चौकटी होत्या. ज्या घरात विद्यार्थी निजत होता, त्या घराची भिंत नव्हती. पुनर्वसनाच्या काळात गवंड्यांना हे शिकवलं गेलं. मला विचाराल तर जिल्ह्यातलं सगळ्यांत मोलाचं अभियांत्रिकी शिक्षण तेच.

आता तेरखेडा. सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या या गावाला मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात. फटाक्यांवर कितीतरी घरं चालतात आणि स्फोटात माणसं गेल्याच्या बातम्याही इथूनच येतात. शेडमध्ये बाई मांडी घालून बसते, नळीत दारू भरते, वात बसवते. तिचा धोका पुस्तकातला नाही. कोरड्या हवेत नायलॉनच्या साडीवर स्थिर वीज साठते. अॅल्युमिनियमच्या भुकटीला ओल लागली तर ती आतल्या आत तापते. उपाय साधे आहेत. सुती कपडे, पितळी किंवा लाकडी अवजारं, दारात जमिनीशी जोडलेला तांब्याचा पत्रा, एका शेडमध्ये मोजकीच माणसं आणि मोजकाच माल.

तमिळनाडूतल्या शिवकाशीत 1984 साली, म्हणजे तेरणेच्या कॉलेजनंतर वर्षभरानं, मेप्को श्लेंक कॉलेज निघालं. त्याच्या नावातलं मेप्को म्हणजे धातूंची भुकटी बनवणारी कंपनी. फटाक्यांवर संशोधन करणारं सरकारी केंद्रही तिथेच आहे. तिथले अपघात थांबलेले नाहीत, पण धंदा आणि प्रयोगशाळा एकाच गावात आहेत. मी भरलेल्या फायलींत उत्तीर्णांची टक्केवारी होती, नोकऱ्यांचे आकडे होते, प्राध्यापकांचे शोधनिबंध होते. पंचक्रोशीतला कोणता धोका तुमच्यामुळे कमी झाला, असा रकाना मात्र एकाही फायलीत नव्हता. तो हवा, आणि त्याला गुणही भरपूर हवेत.

तो रकाना भरायला अवघड नाही. चार शेडमधली आर्द्रता आणि तापमान रोज सकाळ-दुपार लिहून ठेवणं, तांब्याच्या पत्र्याची जोडणी मीटर लावून तपासणं, एवढं काम शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना सहज पेलेल. सुरुवात उन्हाळ्यातच करावी. हवा सगळ्यांत कोरडी असते ती तेव्हा.