गाणे, लाळ आणि हरवलेली स्मृती

१/ सांगोल्याच्या एका अंगास पंढरपूर, दुसऱ्या अंगास गदिमांचे माडगुळे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. ते ऐकणारी तरुण पिढी आज ऐंशी-नव्वदीत आहे. त्यांतील काहींना स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहे. गाण्याने त्यांचा ताण निवळतो का, हे त्यांच्या शब्दांवाचून कसे ओळखावे?

२/ देहालाच विचारण्याची परंपरा जुनी आहे. १८८० मध्ये रशियाच्या दोगेल यांनी संगीताचा रक्ताभिसरणावरील परिणाम मांडला. १८८८ मध्ये फ्रान्सच्या फेरे यांनी संवेदनांमुळे त्वचेचा विद्युत्‌रोध बदलतो, हे दाखवले.

३/ १९०६ मध्ये आल्झायमर यांनी एका विस्मरणग्रस्त स्त्रीच्या मेंदूतील बदल वर्णिले. १९३६ मध्ये हान्स सेली यांनी ताणाला देह देत असलेला प्रतिसाद मांडला. पुढे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक लाळेतूनही मोजता येऊ लागले.

४/ याचे मोल मोठे, कारण रक्तासाठी टोचलेली सुई स्वतःच ताण देते. तरी पेच उरतातच. कॉर्टिसॉल सकाळी चढते व दिवसभर उतरते, म्हणून रोजची वेळ एकच हवी. औषधांनी कोरड्या पडलेल्या तोंडातून लाळही पुरेशी मिळत नाही.

५/ शिवाय नाडी आनंदानेही वाढते, भीतीनेही. दुःखाशी जोडलेले गाणे ताण वाढवूही शकते. म्हणून आधी विचारावे लागते: या माणसाच्या तारुण्यात काय वाजत होते? भजन, भारूड की रेडिओ? ज्याला स्वतःचा इतिहास सांगता येत नाही, त्याचा इतिहास घरच्यांनी जपलेला असावा लागतो. त्यावाचून यंत्रावरचा आकडा मुकाच राहतो.