पिंगुळीची पोथी आणि बाहुली

चित्रांच्या पुस्तकांवरून मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ बसवणे ही पाश्चात्त्य रंगभूमीची देणगी, असे सर्रास मानले जाते. कुडाळजवळच्या पिंगुळीत हे मत टिकत नाही. तिथल्या ठाकर कलावंतांच्या घरांत चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या कागदी चित्रांचा गठ्ठा, दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एक चित्र समोर धरतो, प्रसंग गातो, मग पालटतो. पान उलटतानाची उत्कंठा इथे पुरेपूर आहे. पोथीतली रामायणाची कथाच चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागच्या उजेडात सांगतात.

यावर कोणी म्हणेल, ही धार्मिक कथा होती, बालनाट्य नव्हे. मुलांसाठी वेगळा खेळ ही कल्पना अलीकडची आहे, हे मान्यच. पण चित्रातले पात्र हलते-बोलते करण्याचे कसब प्रेक्षकांच्या वयावर अवलंबून नसते, आणि इथे वाद कसबाचाच आहे. २०२१ साली याच परंपरेतले पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच. तरी मला काळजी निवेदनाची वाटते. जुन्या पोथ्या पुण्याच्या केळकर संग्रहालयात जपल्या जातील. कोणते चित्र किती वेळ धरायचे, हे मात्र गुरूसमोर बसूनच शिकावे लागते.