चाकावरचं घर आणि दोरी ओढून येणारी वीज

मागच्या महिन्यात मी आमच्या ट्रेलरचा फोटो टाकला, तेव्हा खाली एक कमेंट आली : "भाई, वऱ्हाडात कॅरव्हॅन आणणारा तू पहिलाच." लाईक भरपूर मिळाले त्या कमेंटला. पण माझ्या आजोबांनी तोच फोटो चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "अबे, हे तं टॉकीजवाल्याचं बिऱ्हाड हाय. मशीन कुठी ठेवते तुम्ही?"

आजचा एपिसोड आजोबांच्या त्या वाक्यावर आहे.

आधी आमची गाडी काय आहे ते सांगतो. तिघा मित्रांनी मिळून घेतलेला सेकंड हँड ट्रेलर. दहा फूट लांब, दोन चाकं, आत दोन माणसं नीट आणि तिसरा वाकडा होऊन झोपतो. गाडीच्या मागे हुकला अडकवायचा आणि निघायचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर ही वेगळी गोष्ट मानली आहे, त्यामुळे त्याला स्वतःची नोंदणी लागते. आत १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि सोबत एक छोटा, दोरी ओढून चालू होणारा, एक केव्हीएचा पेट्रोल जनरेटर. म्हणजे घर, चाकं आणि स्वतःची वीज. आता प्रश्न असा, की ही तीन गोष्टींची जोडणी जगात पहिल्यांदा कुणी केली? हौशी पर्यटकांनी? अजिबात नाही. जत्रेतल्या माणसांनी.

थोडं इंग्लंडला जाऊन येऊ, कारण तिथला पुरावा अगदी स्वच्छ आहे. फिरायला म्हणून बांधलेली पहिली कॅरव्हॅन सहसा गॉर्डन स्टेबल्स या माणसाची धरतात. हा ब्रिटिश आरमारातला निवृत्त डॉक्टर. १८८५ मध्ये त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची, जवळपास दोन टनांची, घोड्यांनी ओढायची गाडी बनवून घेतली. सोबत नोकर, आणि त्यातला एक जण तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन रस्ता मोकळा करायचा! (आमच्यात ते काम गूगल मॅप्स करतं, तेही वाईट करतं.) पण स्टेबल्सने कल्पना उचलली कुठून? रस्त्यावर राहणाऱ्या जिप्सी लोकांच्या गाड्यांवरून. त्यांच्यासाठी ती हौस नव्हती, ते त्यांचं घर होतं. आणि वीज? स्टेबल्सकडे विजेचा प्रश्नच नव्हता. वीज आली ती त्याच काळात जत्रेवाल्यांकडे. १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये 'शोमन्स इंजिन' दिसायला लागलं. वाफेवर चालणारं, पितळेने मढवलेलं रस्त्यावरचं इंजिन. दिवसा ते पाळण्यांचे डबे आणि मालकाचं राहतं घर ओढत पुढच्या गावी न्यायचं. संध्याकाळी तिथेच उभं राहायचं, पुढच्या बाजूला बसवलेल्या डायनॅमोला पट्टा लावायचा, आणि सगळी जत्रा दिव्यांनी उजळायची. ट्रेलर अधिक जनरेटर या आमच्या आयडियाचं व्हर्जन वन ते हेच.

आता आपल्याकडे. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंचं हलतं चित्र दाखवलं गेलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते चित्र खेड्यात कसं पोचलं, हे फारसं कुणी सांगत नाही. ते तंबूतून पोचलं. अब्दुलअली युसुफअली हा १८८४ चा सुरतेचा माणूस. आधी सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश असा आग्नेय आशियात आणि १९०८ पासून भारतभर सिनेमाचा तंबू घेऊन फिरला. तंबूत हजारेक माणसं बसायची. पुढे तो मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरचा भागीदार झाला, आणि १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याच मॅजेस्टिकमध्ये लागला. म्हणजे आपल्या सिनेमाच्या मोठ्या इमारतीखालचा एक दगड तंबूचा आहे.

तंबूला वीज कुठून? अगदी सुरुवातीला जगभर चुन्याच्या कांडीवर वायूची ज्योत मारून तिचा प्रखर उजेड वापरायचे. नंतर कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटती ठेवणारा आर्क दिवा आला, आणि त्याला डीसी करंट लागायचा, तोही भरपूर. मग तेलावर चालणारं एका सिलिंडरचं इंजिन, मोठं जड चाक, त्यावरून पट्टा आणि पट्ट्यावर डायनॅमो. ही जुनी इंजिनं मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरेच मारायची. तुम्ही शेतात जुन्या इंजिनाचं 'पुक... पुक... पुक' ऐकलं असेल, तोच आवाज. प्रत्येक ठोक्याला दिवा थोडा मोठा, थोडा बारीक. आजोबा म्हणतात, बहिरमच्या टॉकीजमध्ये बल्ब श्वास घेतल्यासारखा दिसायचा. मला हे वर्णन इतकं आवडलं की मी दोनदा रेकॉर्ड करून घेतलं.

बहिरम माहीत नसेल त्यांच्यासाठी : परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी भैरवाचं ठाणं. डिसेंबरच्या २० तारखेच्या सुमारास यात्रा सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. हंडीतलं मटण, रोडगे, आणि एकेकाळी टुरिंग टॉकीज आणि तमाशे. आजोबांच्या लहानपणी अमरावतीकडचे लोक बंडी नाहीतर दमनी जुंपून यायचे आणि बंडीखालीच मुक्काम करायचे. गावात वीज नाही, घरात कंदील. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळच मुळी १९६० चं, आणि त्यानंतर गावोगाव तारा पोचायला वर्षं गेली. त्यामुळे वऱ्हाडातल्या कितीतरी माणसांनी आयुष्यातला पहिला विजेचा दिवा घरात पाहिला नाही, शहरातही नाही. जत्रेत पाहिला, कुणाच्यातरी इंजिनावर पेटलेला.

या लोकांचं राहणं कसं होतं, ते पाहायचं असेल तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही डॉक्युमेंटरी बघा, २०१६ ची. महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजवर आहे. त्यात ट्रक हेच सगळं आहे. त्यातूनच सामान जातं, त्यातच प्रोजेक्टर बसवून पडद्यावर चित्र फेकतात. तमाशाच्या फडांचंही तसंच : दसऱ्यानंतर ट्रक निघाले की उन्हाळ्यापर्यंत बिऱ्हाड रस्त्यावर, आणि ताफ्यात जनरेटर. तो बंद पडला तर त्या रात्रीचा गल्ला गेला. आमचा बंद पडला तर रील अपलोड होत नाही, एवढंच.

आणि त्यांना इंजिनाबद्दल जे कळत होतं, ते आम्हाला मॅन्युअलमधून शिकावं लागलं. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ठिणगीने भडकणारी. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला तो सेन्सॉरसाठी, तसाच आगीच्या भीतीपोटी परवान्यांसाठीही. अशा फिल्मशेजारी इंजिन ठेवायचं नसतं. आमच्याकडे फिल्म नाही, पण धूर तोच : कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपायच्या डब्याच्या खिडकीखाली जनरेटर लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. पावसात तो आत किंवा छपराखाली घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. प्लीज.

पण तंबूचा आपल्याकडे आणखी एक इतिहास आहे, आणि तो जरा कमी सुंदर आहे. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. इंग्रज अधिकारी हिवाळा आला की दौऱ्यावर निघायचे. तंबूंचे दोन संच असायचे. साहेब एका तंबूत झोपलेला असताना दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामी जायचा, म्हणजे सकाळी साहेब पोचला की खुर्ची, टेबल, चहा तयार. ते वाहून कोण न्यायचं? अशा दौऱ्यांत गावकऱ्यांच्या गाड्या धरल्या जायच्या, दूध, कोंबड्या, गवत द्यावं लागायचं, आणि बऱ्याचदा पैसे मिळायचे नाहीत. बेगार म्हणजे हीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटची जंगलं सरकारी राखीव झाली आणि कोरकूंच्या गावांत येणारा सरकारी तंबू म्हणजे नवा नियम, असं समीकरण झालं.

म्हणजे फिरत्या मुक्कामाचे दोन वंश झाले. एक साहेबाचा तंबू, जो गावाकडून घेतो. दुसरा टॉकीजवाल्याचा, जो पैसे घेतो खरा, पण गावाला उजेड देतो. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून जाहिराती बघतोय, त्यात सगळीकडे पहिलाच वंश दिसतो : डोंगराच्या कड्यावर एकटी गाडी, खुर्ची, कॉफी, आणि आसपास गाव नावाची वस्तूच नाही.

आता सेमाडोह. परतवाडा, घटांग, मग वळणं उतरत सिपना नदी. हाच रस्ता पुढे हरिसालला जातो, जे २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं होतं. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. आम्ही जंगलात कुठे गाडी लावली नाही. ओळखीतून एका कोरकू कुटुंबाच्या अंगणात, विचारून, लावली. वारा-पावसाने वीज आदल्या दिवसापासून गेलेली होती.

इथे थोडं इंजिनिअरिंग. आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या छोट्या जनरेटरला ती देण्यासाठी मिनिटाला ३००० फेरे मारावेच लागतात, तुम्ही एक बल्ब लावा नाहीतर दहा. म्हणून तो कायम किंचाळतो. होंडाने १९६५ मध्ये ई-३०० नावाचा हातात उचलून नेता येणारा जनरेटर आणला, तेव्हापासून ही जात जगभर पसरली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात दुकानांच्या पायऱ्यांवर लोडशेडिंगमध्ये जो ओरडायचा, तो तिचाच भाऊ. इन्व्हर्टर जनरेटर नंतर आले. त्यांत वीज आधी डीसी करून पुन्हा ५० हर्ट्झची बनवतात, त्यामुळे लोड कमी असला की इंजिन सावकाश चालू शकतं. आमचा तसा आहे. तरी आवाज आवाजच. हिशोब सांगतो : एक मीटरवर ७५ डेसिबल ही डिझेल जनरेटरची मर्यादा धरली, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. शांतता क्षेत्रातली रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. तिथवर उतरायला जवळजवळ ५६ मीटर दूर जावं लागतं. आणि जंगलातली रात्र ४० पेक्षाही शांत असू शकते.

दुपारी आम्ही जनरेटर चालू केला. दहा मिनिटांत शेजारची पोरं आली, मग त्यांच्या आया, मग फोन. मी मोजले, चौदा फोन आणि तीन चार्जिंगच्या बॅटऱ्या. आमच्या एक्स्टेन्शन बोर्डाला जागा पुरेना. एका पोराने विचारलं, "पिक्चर लावता का?" लॅपटॉपवर लावला. ट्रेलरच्या दाराशी वीसेक जण. आजोबांना व्हिडिओ कॉल करावा असं फार वाटलं, पण नेटवर्क नव्हतं.

दिवस मावळायला लागला तसे घरचे काका आले. त्यांच्या शेतात हरभरा होता आणि रात्री ते जागलीला जाणार होते, रानडुकरांसाठी. म्हणाले, "बेटा, अंधार पडला का मशीन बंद करजो. मले राती ऐकू आलं पायजे."

मी विचारलं, काय ऐकू यायला पाहिजे? त्यांनी सांगितलं. डुकरं पिकात शिरली की ताटं मोडल्याचा आवाज येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सांबर. सांबर ओरडलं, माकडं खोकल्यासारखी बोलली, की जवळपास वाघ किंवा बिबट्या फिरतोय. मग माणूस मचाणावरून उतरत नाही, आणि हाक मारून शेजारच्या जागलीवाल्यालाही सांगतो. टॉर्च चाळीस-पन्नास पावलं दाखवतो. कान त्याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणजे आमचं एकसुरी घरघरणं ही नुसती पर्यटकांची बेशिस्त ठरली नसती. एका माणसाची सुरक्षा आम्ही आमच्या पंख्यासाठी झाकली असती.

जत्रेतलं इंजिन रात्री चालायचं कारण गाव जत्रेला यायचं. इथे रात्री गाव कामावर असतं. त्यामुळे आम्ही वेळ उलटी केली : जनरेटर दुपारी दोन ते पाच, सगळ्यांसाठी खुला, आणि त्यातच आमची बॅटरी भरायची. साधारण १२०० वॅट-अवर. रात्री दोन एलईडी, दोन छोटे पंखे, फोन, सगळं मिळून शंभर वॅट धरा, आरामात पुरतं. लॅपटॉप बंद. पेट्रोल तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास. तीन दिवसांत पैसे कुणाकडून घेतले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ज्वारीच्या भाकरी आणि ताक आलं, आणि ते आम्ही नाकारलं नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसून आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मेळघाटातल्या काही गावांनी रस्ता, पाणी, वीज नाही म्हणून मतदानावर बहिष्कार टाकला. अशा गावात आम्ही ट्रेलर लावला असता तर तीन तासांच्या चार्जिंगला काय अर्थ राहिला असता, मला सांगता येत नाही. पुढच्या हिवाळ्यात छतावर सोलर पॅनेल टाकायचा विचार आहे. म्हणजे आवाजाचा प्रश्न सुटेल, बोर्ड मात्र बाहेरच्या बाजूला लावणार, दाराशेजारी, सहा सॉकेटचा.

आणि एक काम तुमच्याकडे. घरात कुणी बहिरमला किंवा कुठल्याही जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला असेल, तर त्यांना दोनच प्रश्न विचारा : इंजिन तंबूपासून किती लांब होतं, आणि ते बंद पडल्यावर लोक काय करायचे? फोनवर रेकॉर्ड करा आणि पाठवा. आजोबांचं उत्तर माझ्याकडे आहे : "शिट्ट्या. अन् मंग सारेच इंजिनापाशी जाऊन उभे."