रेघ ओढलेले शब्द

१/ संगणकावर मजकुरावरून आडवी रेघ ओढली की तो रद्द होतो. पण वाचता येतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कच्चा खर्डाही असाच आहे. 🧵

२/ जून १७७६, फिलाडेल्फिया. थॉमस जेफरसनच्या खर्ड्यात 'पवित्र' खोडून वर 'स्वयंसिद्ध' लिहिलेले आजही दिसते. 'प्रजाजन' हा शब्द मात्र त्याने ओल्या शाईतच पुसला व त्यावर 'नागरिक' लिहिले. मूळ शब्द उलगडल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, तेही विशेष छायाचित्रणामुळे.

३/ गुलामांच्या व्यापाराबद्दल राजा तिसरा जॉर्ज याला दोषी धरणारा एक परिच्छेद खर्ड्यात होता. काँग्रेसने तो संपूर्ण वगळला. दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया यांची मर्जी राखण्यासाठी हे घडले, असे जेफरसनने पुढे नोंदवले.

४/ हा परिच्छेद लिहिणाऱ्या जेफरसनने स्वतः आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलामगिरीत ठेवली होती.

५/ १८२१ मध्ये आत्मचरित्र लिहिताना त्याने जाहीरनाम्याचा मूळ मजकूर दिला आणि काँग्रेसने वगळलेल्या भागांखाली काळी रेघ ओढली. त्या रेघेमुळे काय गाळले गेले, हे सर्वांना कळते. गुलामगिरी घटनेने रद्द व्हायला मात्र १८६५ साल उजाडले.